वावधन सगळ्यांवर येतं, पंचनामा सगळ्यांचा होत नाही

(रायपूरमधल्या एका बुद्ध विहारात जून 2025 मध्ये पदवीधर आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे.)



मला सांगितलं होतं की मुलांना करिअरवर मार्गदर्शन करा. मी म्हटलं, करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी वादळावर बोलते. फोनवरच्या दादांना वाटलं मी थट्टा करते आहे. थट्टा नाही. पावसाळा तोंडावर आहे, तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या घरावर टिना आहेत, आणि तुमच्या घरात अर्ज लिहिता येणारं माणूस बहुतेक एकच आहे. ते म्हणजे तुम्ही. म्हणून हा विषय तुमचाच आहे.

माझे बाबा भंडारा जिल्ह्यातून रायपूरला आले, रेल्वेच्या ठेकेदाराकडे मजूर म्हणून. आई चार घरची धुणीभांडी करायची. आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ तांबडं झालं की आई म्हणायची, ‘वावधन येते, कपडे काढा.’ शेजारची काकी म्हणायची, ‘गर्रा आवत हे.’ शब्द दोन, पण दोघी एकाच वेळी छपराकडे बघायच्या. आई ज्या बंगल्यात कामाला होती, तिथल्या बाई मात्र आभाळ बघून खिडक्या लावायच्या आणि चहा ठेवायला सांगायच्या. वारा तोच, शहर तेच. खिडकीकडे बघणारे आणि छपराकडे बघणारे असे दोन गट आधीच पडलेले होते.

गेल्या महिन्याच्या सुरुवातीला आपण सगळ्यांनीच ते पाहिलं. संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासाचं वादळ झालं. झाडं पडली, खांब वाकले, शहराचा मोठा भाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या फोटोंत रस्त्यावर आडवी झालेली झाडं आणि दबलेल्या गाड्या होत्या. ते नुकसान खरंच होतं. पण उडालेल्या टिना, भिजलेलं तांदळाचं पोतं आणि फुगलेली वह्यापुस्तकं यांचे फोटो किती निघाले? तुम्ही तरी तुमच्या घराचा काढलात का? हात वर करा. ... तीन. ठीक आहे. आजचं सगळं बोलणं या तीन हातांबद्दल आहे, आणि जे वर आले नाहीत त्यांच्याबद्दल.

आधी माझी चूक सांगते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षा चालू होती. रात्री वावधन सुटलं आणि आमच्या चार टिना गेल्या. काकीच्या घराची तर मातीची भिंतच बसली, त्या भिंतीला टेकून ठेवलेलं सगळं गेलं. माणसं वाचली, कारण ती आमच्या ओट्यावर आली होती. सकाळी आईने उधारीवर टिना आणल्या आणि दुपारपर्यंत छप्पर झाकलं. काकी संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘नोनी, तैं तो पढ़े हस, मोर बर एक ठन कागज लिख दे.’ तू शिकलेली आहेस, मला एक अर्ज लिहून दे. मी म्हटलं, काकी, परवा पेपर आहे, नंतर लिहिते.

पेपर संपले तेव्हा तीन आठवडे गेले होते. मी तिच्याबरोबर एका कचेरीत गेले. तिथल्या माणसाने तीन गोष्टी विचारल्या. पंचनामा झाला का? पडलेल्या घराचा फोटो आहे का? जागेचा पट्टा आहे का? तिन्हींना उत्तर एकच, नाही. भिंत तिने तोवर पोत्यांनी आणि ताडपत्रीने उभी केली होती. म्हणजे पडलेलं घर आता दाखवायलाही उरलं नव्हतं. तो माणूस काही ओरडला नाही, वाईट बोलला नाही. त्याने फक्त कागद परत सरकवला. पावसाळा संपायच्या आत काकी मुलांना घेऊन शहराच्या कडेला कुठेतरी राहायला गेली. पुढे ती मला भेटली नाही.

आमच्या भागात तेव्हा कॉलेजात जाणारी मी एकटी होते. सगळ्यांना माझा अभिमान होता. त्या अभिमानाचा पहिला उपयोग जेव्हा मागितला गेला, तेव्हा मी ‘नंतर’ म्हटलं. मी पुढे वकिली शिकले, त्यात हा कागद परत सरकवल्याचा आवाज आहे.

आता त्या तीन प्रश्नांमागे काय आहे ते बघू.

छत्तीसगडमध्ये नैसर्गिक आपत्तीची मदत महसूल खात्यामार्फत मिळते. नियमाचं नाव राजस्व पुस्तक परिपत्र 6-4. कचेरीत सगळे ‘आरबीसी छे-चार’ म्हणतात. हे नाव पाठ करा. वीज अंगावर पडून, पाण्यात बुडून, साप चावून माणूस गेलं तर वारसाला 4 लाख रुपये याच परिपत्रकाखाली मिळतात. घर पडलं तरी याच वाटेने जायचं. अर्ज तहसीलदाराकडे जातो, पटवारी, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला तलाठी, जागेवर येऊन बघतो, मग प्रकरण वर जातं. माणूस गेलं असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. आपल्याकडे दुःखात असलेलं घर म्हणतं, देह कापू नका, लवकर माती द्या. ते मी समजू शकते. पण अहवाल नसेल तर मृत्यू विजेने झाला हे पुढे सिद्ध करणं फार कठीण जातं. हे त्या घडीला समजावून सांगणारं माणूस तिथे हवं, आणि ते घरातलंच असावं.

म्हणजे निगमची गाडी रस्त्यावरचं झाड उचलते, वीज कंपनी तार जोडते आणि नुकसानीची नोंद तहसील करते. तीन दारं आहेत. आपली माणसं बहुतेक वेळा पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे जातात, तो ‘बघतो’ म्हणतो, आणि आपल्याला वाटतं तक्रार झाली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं आपलं होतं.

आता पैशाचा हिशेब. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कशाला किती द्यायचं याचे निकष केंद्र सरकार ठरवतं. 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत, सपाट प्रदेशात घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. पक्क्या घराचं काही नुकसान, निदान 15 टक्के, झालं तर 6,500 रुपये, कच्च्या घराचं तसंच झालं तर 4,000. झोपडी गेली तर 8,000. यातला कोणता रकाना भरायचा हे कोण ठरवतं? जागेवर आलेला माणूस. तुमचं मातीचं, टिनेचं घर ‘पूर्ण पडलेलं कच्चं घर’ लिहिलं गेलं तर 1 लाख 20 हजार, ‘झोपडी’ लिहिलं गेलं तर 8,000. एका शब्दात 1 लाख 12 हजारांचा फरक आहे. तो शब्द लिहिला जात असताना तिथे उभं राहून ‘साहेब, काय लिहिलंत ते वाचून दाखवा’ म्हणणारं कुणी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

याच निकषांत घराच्या मदतीखाली एक ओळ आहे. पडलेलं घर अधिकृत बांधकाम असावं आणि सक्षम अधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलेलं असावं. ही ओळ वाचली तेव्हा मला काकीची भिंत आठवली.

आता तिच्याशेजारी दुसरा कायदा ठेवा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005. त्याचं कलम 61 सांगतं की आपत्तीग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या आधारावर भेदभाव करता येणार नाही. चांगलं कलम आहे. ते फुकट आलेलं नाही. 2001 च्या गुजरात भूकंपानंतर आणि 2004 च्या त्सुनामीनंतर दलितांना वेगळं बसवलं, पाण्याला हात लावू दिला नाही, मदतीच्या यादीत मागे ठेवलं, हे लोकांनी नोंदवून ठेवलं होतं.

पण गंमत बघा. कलम 61 म्हणतं, जात विचारू नका. निकष म्हणतो, घर अधिकृत आहे का विचारा. आणि शहरात अनधिकृत घरात कोण राहतं? 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा 12.6 टक्के होता, झोपडपट्ट्यांच्या लोकसंख्येत तो 20.4 टक्के होता. छत्तीसगडच्या शहरांत तर जवळपास तीनातलं एक कुटुंब झोपडपट्टीत राहत होतं. गावात ज्यांना जमीन मिळू दिली नाही, ते शहरात आले आणि नाल्याच्या काठी, तलावाच्या उतारावर, रेल्वेच्या कडेला, उच्च दाबाच्या तारेखाली राहिले. बाकीच्या जागा त्यांच्यासाठी नव्हत्याच. मग वादळ येतं आणि कचेरी अगदी शांतपणे विचारते, पट्टा आहे का? तिथे कुणालाच जात विचारावी लागत नाही. पट्टा विचारला की काम होतं.

म्हणून पट्ट्याची लढाई हीसुद्धा वादळापासून वाचण्याची लढाई आहे. शहरातल्या भूमिहीनांना पट्टा देण्याचा कायदा आपल्याकडे मध्य प्रदेशच्या काळापासून, 1984 पासून आहे. ज्यांना मिळाला त्यांनी तो कुठे ठेवला आहे बघा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन प्रती काढून, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. ज्यांना मिळाला नाही त्यांनी वीजबिल, मतदार यादी, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, जे काही या पत्त्यावर आलं ते सगळं एका फायलीत लावा. झोपडीच्या मदतीसाठी तरी इथे राहतो हे दाखवता आलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, वादळ निसर्गाचं, त्यात निगमचा काय दोष? दोन घटना सांगते, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या.

9 एप्रिल 2023, अकोला जिल्ह्यातलं पारस गाव. संध्याकाळी मंदिरात आरतीला लोक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते टिनेच्या शेडखाली थांबले. शेजारचं जुनं मोठं कडुलिंब शेडवर कोसळलं. 7 माणसं गेली. लोक आडोशाला गेले आणि आडोसाच त्यांच्यावर आला.

13 मे 2024, मुंबई, घाटकोपर. वाऱ्याने एक जाहिरात फलक पेट्रोल पंपावर पडला. 17 माणसं गेली. तो फलक 120 फूट बाय 120 फूट होता. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, महापालिका म्हणाली आमची परवानगीच नव्हती. एवढा मोठा फलक सगळ्या शहराला दिसत होता, आणि तरी तो कुणाच्या अखत्यारीत येतो हे माणसं मेल्यावर तपासलं गेलं.

या दोन्ही ठिकाणी वाऱ्याने शेवटचा धक्का दिला. बाकीचं काम आधीच होऊन बसलं होतं. म्हणून स्थानिक संस्थेचं काम वादळाच्या रात्री किती गाड्या फिरल्या यावर मोजू नका. मार्च महिन्यात काय केलं ते विचारा. कुठली झाडं पोकळ आहेत हे कुणी पाहिलं का? फलकांच्या लोखंडाची तपासणी झाली का? वस्तीतल्या तारा ताणल्या का, नाल्यातला गाळ निघाला का? वीज पडताना, टिना उडताना माणसांनी कुठे जायचं, ती पक्की इमारत ठरली आहे का, आणि तिची किल्ली कुणाकडे आहे? रात्री गाडी आली म्हणजे यंत्रणा चांगली, असं मानणं म्हणजे वरातीमागून आलेल्या घोड्याचं कौतुक करणं.

आणि हे होऊ शकतं का? शेजारचा ओडिशा बघा. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास 10 हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. 3 मे 2019 ला फनी आलं, तेही अतितीव्र. त्याआधी सुमारे 12 लाख लोकांना हलवलं. मृत्यू 64 झाले. 64 ही कमी नाहीत, पण दहा हजार कुठे आणि चौसष्ट कुठे. वाऱ्याने दया दाखवलेली नाही, माणसांनी वीस वर्षं तयारी केली.

आपल्याकडे चक्रीवादळ समुद्रकिनाऱ्यासारखं येत नाही. आपल्याकडे गडगडाटी वादळ आणि वीज. आणि वीज फार मारते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली देशात नैसर्गिक कारणांनी 8,060 मृत्यू झाले, त्यातले 2,887 विजेने. पूर नाही, ऊन नाही, सगळ्यांत जास्त मृत्यू विजेचे. शेतात, वीटभट्टीवर, गुरांमागे, उघड्यावर काम करणारी ही माणसं. तरीसुद्धा 2025 पर्यंत केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत वीज नव्हती. राज्यांनी आपल्या निधीतल्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम अशा स्थानिक आपत्तींवर खर्च करावी, अशी सोय आहे. यादी करणारे आणि वीज झेलणारे एका ठिकाणी राहत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

आपण बाबासाहेबांना संविधान आणि धर्मांतर या दोन चौकटींत बसवून टाकलं आहे. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि सिंचन, वीज हे विषय त्यांच्याकडे होते. 8 नोव्हेंबर 1945 ला कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली, तिचे अध्यक्ष ते होते. कोणती नदी? महानदी, जी इथे सिहाव्याच्या डोंगरात उगम पावते. आपली खारून शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. पुरानंतर नुसते बांध घालत बसण्यापेक्षा पाणी आधीच साठवा, त्यातून वीज, सिंचन, जलवाहतूक साधा, ही त्यांची मांडणी होती. पुढे धरणांनी कितीतरी गावं उठवली, तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की बाबासाहेब आपत्तीकडे नशीब म्हणून बघत नव्हते, नियोजनाचं काम म्हणून बघत होते. आपण टिना उडाल्या की म्हणतो, ‘आपलं नशीबच फाटकं.’ हे वाक्य या विहारात तरी बंद करा.

आता कामाचं बोलते. लिहून घ्या.

पहिलं, छप्पर. टिनेवर आपण दगड, विटा, टायर ठेवतो. वारा कडेखालून आत घुसून टिन वर ढकलतो, आणि वरून जाणारा वारा तिला ओढतो. कोपरे आणि कडा आधी सुटतात. जोराच्या वाऱ्यात दगड तिला धरून ठेवत नाही, उलट तोच खाली मुलाच्या डोक्यात पडतो. टिना वॉशर लावलेल्या जे-हुकांनी आडव्या बल्लीला किंवा पाइपला आवळा, कडेला हूक जवळजवळ लावा, आणि बल्ली तारेने खांबाला, भिंतीला बांधा. सगळ्यांच्या घराला एकदम पैसे नसतील तर पाच घरं मिळून दर आठवड्याला एक छप्पर करा.

दुसरं, सूचना. हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, त्याला नाउकास्ट म्हणतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडायची शक्यता सांगतं. पण आजीच्या साध्या फोनवर दामिनी नाही. म्हणून इशारा तुमच्या फोनवर आला की विहाराच्या भोंग्यावर सांगा, मराठीत आणि छत्तीसगढीत. वीज चमकल्यावर 30 मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर कधीच नाही. विहाराची इमारत पक्क्या स्लॅबची आहे, तिची किल्ली आजपासून तीन घरांत ठेवा, त्यातलं एक घर बाईमाणसाचं असू द्या.

तिसरं, तार. तुटलेली तार मेलेली आहे असं समजू नका. आसपासच्या पाण्यात पाय घालू नका. 1912 ला फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. झाड, नाला, फलक यासाठी निदान 1100. जिवावर बेतलं तर 112.

चौथं, आणि हे माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. दुरुस्ती करायच्या आधी फोटो. फोटोत घर पूर्ण दिसलं पाहिजे, घरमालकीण दिसली पाहिजे आणि शेजारची ओळखू येणारी एखादी खूण दिसली पाहिजे. त्याच दिवशी तहसीलदाराच्या नावे अर्ज, त्यात परिपत्र 6-4 चा उल्लेख, दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. शिक्का नसलेला अर्ज हा अर्ज नसतो. पटवारी आला की वस्तीतल्या एका पदवीधराने त्याच्याबरोबर चालायचं, प्रत्येक घरी. भांडू नका, फक्त वाचून दाखवायला सांगा. महिन्याभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्याचं शुल्क नाही.

पाचवं, मार्चचा अर्ज. पुढच्या मार्चमध्ये वस्तीची यादी करा. धोक्याची झाडं किती, लोंबणाऱ्या तारा कुठे, कुठल्या घरी आजारी म्हातारं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे. रायपूर निगममध्ये 70 वॉर्ड आणि 10 झोन आहेत. आपल्या झोनमध्ये ती यादी द्या, पोच घ्या. म्हणजे उद्या झाड पडलं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि एक नवी मागणीही करा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 2025 मध्ये दुरुस्ती झाली, ती त्या वर्षीच्या एप्रिलपासून लागू आहे. राज्याची राजधानी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकारला वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं, त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त. रायपूर राजधानी आहे आणि इथे महापालिकाही आहे. ते प्राधिकरण बसलं तर त्याच्या आराखड्यात आपल्या वस्तीचं नाव, आपल्या निवाऱ्याचं नाव आहे का, हे विचारायला जायचं. आराखडा ही वाचायची गोष्ट आहे आणि आता आपल्याकडे वाचणारी माणसं आहेत.

शेवटी, त्या रात्री रस्त्यावर असणाऱ्यांबद्दल. झाड कापणारा, गटार उघडणारा, खांबावर चढणारा कोण असतो? बहुतेक ठेक्यावरचा माणूस, आपल्यातलाच. त्याच्या स्वतःच्या घराची टिन त्याच वेळी उडत असते. ‘तत्पर यंत्रणा’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती यंत्रणा म्हणजे हा ओला माणूस. त्याला हेल्मेट, हातमोजे, बूट, विमा मिळतो का, हे आपल्या मागण्यांच्या कागदावर पहिल्या पानावर असलं पाहिजे. आपली सुरक्षा त्याच्या जिवावर नको.

तुमच्यातले काही जण नोकरीला लागतील, काही बाहेर जातील, जायलाच पाहिजे. अभ्यास सोडून वस्तीत बसा, असं मी म्हणत नाही. मला परीक्षा सोडायची गरज नव्हती. मला फक्त अर्धा तास द्यायचा होता. एक फोटो, एक पानाचा अर्ज, एक शिक्का. त्या अर्ध्या तासाने काकीला पट्टा मिळाला नसता. पण पडलेली भिंत पडली होती, याची नोंद तरी राहिली असती. पुढे कुणीतरी त्या नोंदीवर उभं राहून भांडू शकलं असतं.

आज घरी जाल तेव्हा आधी छपराकडे बघा, मग शेजारच्या छपराकडे. आणि कुणी म्हणालं की एक कागज लिख दे, तर तिथेच खाली बसा आणि लिहा.

जय भीम. जय सतनाम.